दारावरून गेलेलं पाणी

सोमवारी सकाळी सेव्दाच्या शेजारच्या मुलाने बाक पुन्हा हातभर सरकवला.

"मास्तर, हिच्या अंगाला वास येतो."

सेव्दा नऊ वर्षांची, भागाकारात वर्गात पहिली. ती रोमा, म्हणजे गाव ज्यांना जिप्सी म्हणून दूर ठेवतं त्या लोकांतली; त्यांची वस्ती गावाच्या टोकाला. पाण्याची पाइप तिच्या दारावरूनच जायची, पण नळ नव्हता. झरा आणि पाइप गावच्या पाणी संस्थेची. नळ फक्त सभासदांना; सभासद व्हायचं तर सभेने हात वर करायचे, आणि वस्तीसाठी हात कधी कुणी वर केला नव्हता.

तिहोमीर मास्तर स्वतः सभासद होते. वस्तीला सभासद करून घ्या म्हणायला ते संस्थेचा अध्यक्ष ओब्राद याच्याकडे गेले. तो अंगणात भाजलेल्या मिरच्या सोलत होता.

"मास्तर, आपली संस्था नोंदलेली आहे. कायद्याने ती एक माणूसच. माणूस आपल्या घरात कुणाला घ्यायचं ते स्वतः ठरवतो की नाही? त्यांनी काढावी त्यांची वेगळी संस्था. आम्ही कुठे अडवलंय?"

सेव्दाच्या आईने, शेम्साने, खरंच वस्तीची संस्था नोंदवायला अर्ज केला. महिन्याने तो परत आला. संस्थेला पत्ता लागतो, आणि वस्तीतल्या एकाही घराची सरकारदरबारी नोंद नव्हती.

"तीस वर्षं राहतोय इथं," शेम्सा म्हणाली. "कुठे राहतो ते कुणाला माहीत नाही म्हणे. पोलिसांना मात्र बरोबर सापडतो."

"माझ्या घराचा पत्ता घाला," मास्तर म्हणाले.

नोंदणीचा शिक्क्याचा कागद आला. सेव्दाने तो दोनदा वाचला: संस्था ही कायद्याने एक व्यक्ती आहे.

"मास्तर, म्हणजे आता आमच्यातही एक कायद्याचा माणूस आहे?"

"आहे."

"मग त्याला तरी नळ देतील?"

मास्तरांनी नव्या संस्थेच्या नावाने नळ मागितला. उत्तर एका ओळीचं होतं: झरा आमच्या संस्थेच्या मालकीचा आहे. हे उत्तर ठरलं त्याच सभेत मास्तरांचं सभासदत्व रद्द झालं आणि त्यांचा नळ तोडायचं ठरलं; कारण, दुसऱ्या संस्थेला पत्ता देऊन त्यांनी संस्थेच्या हिताला बाधा आणली होती. ज्या हातांना त्यांनी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, ते सगळे वर गेले.

"सभा नियमाने झालीय, मास्तर," मास्तरांनी गाठलेला वकील म्हणाला. "कोर्ट तरी काय करणार?"

सभेनंतरच्या सोमवारी मास्तर कॅन घेऊन नदीवर उतरले. सेव्दा आधीच तिथे होती.

"तसं नका भरू. आधी कॅनच्या तोंडाला फडकं बांधा, गाळ येतो."

त्यांनी बांधलं.

"अजून घट्ट, मास्तर."

वर पुलाच्या कडेने पाइप गावाकडे गेली होती. जरा गप्प राहिलं की आतलं पाणी ऐकू यायचं.