नाल्यापर्यंतचं सौंसर

आमच्या यांनी लग्न माझ्याशी केलं, पण संसार नकाशांशी मांडला. सुधाकर गुरुजी म्हणजे सौंसरातल्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात यांनी डोक्यात घेतलं की शाळेच्या गॅदरिंगला ‘आपलं गाव कसं वाढलं’ असं प्रदर्शन लावायचं. तहसीलीतल्या साहेबाच्या हातापाया पडून जुने नकाशे मिळवले अन् ते मोठे करून काढायला जागा कोणती निवडली? माझं स्वयंपाकघर!

“पोळ्या कुठं लाटू, तुमच्या बाजारात?” मी चिडून विचारलं.

“बाजारात नको, तिथं शाई ओली आहे,” हे म्हणाले. मान वर नाही केली बाप्पा!

सगळ्यात जुना नकाशा पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. चार गल्ल्या, बाजार, तहसील कचेरी, देऊळ, आमराई. पुढच्यात गाव फुगलेलं. शेवटच्यात बस स्टँड, संत्र्याच्या बागा अन् नाल्यापलीकडची आमची वस्ती.

माझे सासरे दादाराव ऐंशीच्या घरातले. जन्म त्याच वस्तीतला. रोज सकाळी यांना विचारत, “माहं घर दाखव ना रे. जुन्या नकाशात.”

“शाई वाळू द्या, बाबा.”

चार दिवस झाले तरी शाई काही वाळेना. मग एकदा मीच वाकून पाहिलं. नाल्यापलीकडं कोरा कागद! आमराईतलं झाडन् झाड काढलेलं, अन् आमची माणसं मात्र गायब.

“सांगून टाका ना बाबांना,” मी म्हटलं.

“कसं सांगू, चंद्रकला? किती आस लावून बसले आहेत.” यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, त्या कोऱ्या जागेत काळ्या शाईनं घरांची एक रांग काढून ठेवलेली!

“गुरुजी, हे खोटं होय.”

“खोटं नाही. थोडी भर घातली.”

“दुधात पाणी घालणाराही हेच म्हणते.”

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले. यांनी लगबगीनं बोट ठेवलं, “हे पाहा बाबा, आपलं घर.”

बाबा वाकले. पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, “हे आपली वस्ती नोहे. एवढ्या सरळ रांगेत तं आमी कधी जेवायलेबी नाही बसलो.”

लोक हसले. आमचे गुरुजी वांग्यासारखे जांभळे झाले.

“हा नकाशा काढाले साहेबानं गाव मापलं, तवा मापाची साखळी माह्या बापानं ओढली,” बाबा म्हणाले. “मी मागं मागं फिरून राहिलो होतो. नाल्यापाशी साहेब म्हणे, बस, गाव सरलं. बापानं साखळी गुंडाळली, नाला वलांडला, घरी येऊन भाकर खाल्ली. या कागदावर आमी नाही, हे मले तवापासून ठाऊक आहे.”

“मग रोज काहून विचारत होते, बाबा?” यांनी विचारलं.

“तू शिकून मास्तर झाला. म्हटलं, तुले तरी दिसन.”

माझे डोळे भरून आले. यांनी खिशातून ब्लेड काढलं, सगळ्यांदेखत ती रांग खरडून टाकली अन् पेन बाबांच्या हातात दिला. बाबा पुन्हा नकाशावर वाकले. चार वाकड्या रेघांचं घर काढलं त्यांनी, अन् तेही तहसील कचेरीच्या दुप्पट मोठं.

हेडमास्तर मोरेश्वरराव चष्मा सावरत जवळ आले. “गुरुजी, हे घर मापात नाही की हो.”

पोरांची रेघ केसभर हलली तरी मार्क कापणारा आमचा हा माणूस! बापाच्या शेजारी ताठ उभा राहून म्हणाला, “मापातच आहे, सर.”