गप बसलेल्या पेशी

चंद्रिकानं प्रयोगशाळेतल्या कचऱ्याच्या लाल पिशवीच्या तोंडावरच तळहात ठेवला. महेश्वर सरांच्या हातातली पेशींची प्लेट तिथंच अडली.

"मेल्यात त्या, चंद्रिका. जंतू दिला तरी जीन बंद. जिवंत पेशी अशी गप बसते होय?"

"पहिल्या खेपेला बोंबलल्या होत्या, सर."

ते खरंच होतं. रक्तातल्या या पहारेकरी पेशींना पहिल्यांदा मेलेला जंतू नुसता दाखवला, तर धोक्याची हाक मारणारा जीन असा जागा झाला, की यंत्राच्या पडद्यावर रेषा मावेना. त्याच पेशींना तोच जंतू पुन्हा दिला आणि रेषा जमिनीला चिकटली. सर म्हणत होते, संशोधनाचा विषयच बदल. म्हणजे तिची दोन वर्षं पाण्यात. नमुना उरला होता तो एका तपासणीपुरता.

तेवढ्यात आईचा फोन आला. चन्नम्माचा आवाज असा, की तिनं भवानी पेठेतून हाक मारली तर कोसांवरच्या कुंभारी गावातली म्हैस वळून बघायची. फोन ती आपली रीत म्हणून करायची.

"जेवलीस का गं?"

"नंतर बोलू, आई. इथं सगळं... बंद!"

"बंद? यारु बंद?"

घरात अर्धी मराठी, अर्धी कन्नड; आणि कन्नडात 'बंद' म्हणजे 'आला'. चन्नम्माच्या लेखी कुणीतरी दारात उभा होता.

"कोण आलाय? त्यो मागचा मिक्सरचोर तर न्हाय की?"

"अगं आई..."

"त्योच असणार मुडदा! मागल्या खेपेला मी बोंब ठोकली, गल्ली गोळा झाली अन् गर्दीतनं त्यो निसटला. आता वरडायचं न्हाय, ऐक. गप बसायचं अन् हातात लाटणं घ्यायचं!"

सरांनी हसू खोकल्यात लपवलं. चंद्रिका मात्र हसली नाही. तिनं फोन हळूच उलटा ठेवला.

"सर, हाक मारणारा जीन बंद आहे. जंतूला मारणारा आपण बघितलाच नाही."

"म्हणजे?"

"जंतू मारायची प्रथिनं ज्याच्यावरून बनतात, तो. पेशी मेली असेल तर तोही गप असेल."

"शेवटचा थेंब जाईल त्यात. रेषा नाही आली तर?"

"तर विषय सोडते."

तिनं नमुना लावला. यंत्र घरघरत राहिलं. पडद्यावरची रेषा सपाट, कितीतरी वेळ सपाट. सर घड्याळाकडं बघायला लागले. मग रेषेचं टोक जरासं उचललं, आणि जे चढलं ते पडद्यात मावेना.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"एकदा दिसलं म्हणजे खरं असं नसतं, चंद्रिका."

"माहिताय. नव्या पेशी घेऊन पुन्हा लावते."

ती कपाटातून नव्या प्लेटा काढायलाही लागली होती. सर जरा वेळ तिच्या पाठीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि हातमोज्यांच्या खोक्यात डोकावून बघितलं.

"यात माझ्या मापाचे आहेत का गं?"