कोरी वर्षं

लिनेट स्वतःच्या मातीचे पैसे मोडायला निघाली आहे हे कळल्यावर तिची थोरली बहीण व्हॅल तडक तिच्या घरी आली आणि कोटही न काढता तोंडाचा पट्टा सोडून मोकळी झाली.

"अगं, पेटीचे पैसे ते! उद्या मेलीबिलीस तर काय, फिश-अँड-चिप्सच्या कागदात गुंडाळून नेऊ तुला?"

"ने की. वरून व्हिनेगर मार," लिनेट म्हणाली आणि बटाटे कुस्करत राहिली.

आमच्या इंग्लंडातल्या हल बंदरात, त्यातून हेसल रोडवर, बाई कितीही गरीब असो, आपल्या मातीचा खर्च पोरांच्या डोक्यावर टाकून जाणार नाही. लिनेटने मासे कापायच्या कारखान्यात बर्फात बोटं बधिर करून ते पैसे साठवले होते. त्यांना हात लावायचा म्हणजे खायचं काम नाही. पण पेन्शन हिवाळ्याच्या तोंडावर सुरू व्हायची होती आणि तिच्या स्टॅम्पची सात वर्षं कोरी होती.

पगारातून सरकारी पेन्शनचा हप्ता कापतात ना, त्याला आमच्याकडे अजून स्टॅम्पच म्हणतात. कार्डावर तिकिटं चिकटवायचे दिवस कधीच गेले, शब्द मात्र जिभेवरून उतरायला तयार नाही. त्या सात वर्षांपायी लिनेटला दर आठवड्याला चाळीसेक पाउंड कमी मिळणार होते, तेही मरेपर्यंत. पैसे भरून ती वर्षं बुजवता येत होती, पण जुन्या वर्षांची मुदत एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात संपत होती. रेडिओवर रोज तेच चाललं होतं, आणि पेन्शनवाल्यांचा फोन काही लागत नव्हता. आत्तासुद्धा टेबलावर स्पीकर लावून ठेवलेल्या फोनमधून तेच ते पियानोचं रडगाणं वाजत होतं.

"आणि ते पैसे भरायचे कशाला, सांग ना मला?" व्हॅलने पर्समधून एक फॉर्म काढून टेबलावर आपटला. "मी माझ्या पोराची, आमच्या ली-ची जुळी सांभाळली, त्याचा स्टॅम्प मला मिळाला की नाही? फुकट! तुझ्या लेकीचा, जेमाचा, तिच्या पगारातून जातच होता. पोर लहान म्हणून आईला मिळतो तो दुसरा नुसता पडून आहे. तो तुझ्या नावावर करायचा. जेमाची एक सही, झालं!"

"ती सही मला नको."

"का पण?"

"नको म्हणजे नको. तू तो सेजचा पाला चिर, नाहीतर घरी जा."

व्हॅलने कपाळावर हात मारला आणि सुरी घेतली. वाद घालायचा तर हाताला काम हवं, हे दोघी बहिणींना आईकडूनच आलं होतं.

नको म्हणायचं कारण लिनेटला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ती कुणापुढे बोलणार नव्हती. जेमा तिची एकुलती एक लेक. तिची मार्नी जेमतेम चार महिन्यांची असताना पोरीचा बाप जो गेला तो गेलाच, आणि जेमाला रॉटरडॅमच्या रात्रीच्या बोटीवर स्वयंपाक्याची नोकरी मिळाली. दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. घरी असायची त्यातही निम्मा वेळ झोप भरून काढण्यात जायचा. लिनेटने कारखाना सोडला. नात सांभाळली. जेमा बोटीवर जायची त्या दिवशी लिनेट कपडे धुवायची नाही, कारण आमच्याकडे म्हणतात की त्या दिवशी धुणं काढलं तर माणूस पाण्याबरोबर वाहून जातं. मार्नीचे लंगोट साचायचे, पण साचू देत म्हणायची.

मार्नी पाच वर्षांची असताना एकदा जेमा हौसेने तिला शाळेतून आणायला गेली. नवी बाई दारातच आडवी आली. "आणि आपण कोण?" पोरीच्या सगळ्या कागदांवर सही आजीची, रोज न्यायला आजी. त्या बाईचा तरी काय दोष? जेमा हसत हसत घरी आली, पोरीला केक दिला, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. नळ किती वेळ वाहत होता ते लिनेटने ऐकलं होतं. आता त्याच लेकीपुढे कागद ठेवायचा आणि म्हणायचं, की इथे लिहून दे, तुझं पोर तू सांभाळलं नाहीस, मी सांभाळलं! त्यापेक्षा पेटी गेली खड्ड्यात. पेटी तर तिथेच जायची आहे.

तेवढ्यात पियानो थांबला. एका तरुण पोराचा आवाज आला, बिचारा सकाळपासून बोलून बोलून पार थकलेला. लिनेटचे हात बटाट्यात, म्हणून ती फोनवर वाकूनच मोठ्याने बोलायला लागली. नाव झालं, नंबर झाला.

"मॅडम, या सात वर्षांत तुम्ही काय करत होतात?"

"काही नाही हो बाळा. घरीच होते."

"आजारी होतात? की लहान मूल सांभाळत होतात?"

"सांभाळणं असं काही नाही. आमची मार्नी होती ना घरात."

"मार्नी तुमची?"

"आमची नाही तर कुणाची? आमचीच!"

व्हॅलने डोळे मिटून घेतले. आमच्याकडे माणूस असो, मांजर असो, घरातल्याचं नाव 'आमचा', 'आमची' लावल्याशिवाय घ्यायचीच पद्धत नाही. आता फोनवरचा पोरगा होता कुठला तरी दक्षिणेकडचा. त्याने आमची म्हणजे पोटची असं धरलं, आणि खटाखट टाइप करत सुटला.

"अहो, मग पैसे भरायची गरजच नाही! आईला आपोआप मिळतो तो स्टॅम्प. फक्त मुलाचा भत्ता तुमच्या नावावर दिसत नाहीये. मॅडम, मार्नीची आई तुम्हीच ना?"

 नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न काय येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं: मग आई कोण, कुठे होती, तिची सही आणा. नको ग बाई! सरळ फोन ठेवून द्यावा आणि पैसे भरून मोकळं व्हावं. तिने बटाट्याचं बोट लाल बटणाकडे नेलं.

"नाही. मी आहे तिची आई."

मागच्या दारात जेमा उभी होती. हल्ली ती बोट सोडून इथेच गोदामात कामाला होती, आणि दुपारची पाळी संपली की बोळातून आईकडे चक्कर टाकायची. कधीपासून उभी होती देव जाणे. हातातली दुधाची बाटली तिने अजून खाली ठेवली नव्हती.

"आणि आपण कोण?" फोनने विचारलं.

 जगात इतके शब्द असताना या मेल्याला हेच तीन सापडावेत!

"सांगितलं ना. आई," जेमा फोनजवळ येऊन म्हणाली.  "मी बोटीवर होते. पोरीला हिने सांभाळलं. सातही वर्षं. आजी आहे ती तिची. सही कुठे करायची तेवढं सांगा."

पोराने नीट सगळं सांगितलं. पैसे भरू नका म्हणाला, हा फॉर्म भरा म्हणाला. व्हॅल तोंड उघडणारच होती, मी काय मघापासून बोंबलत होते म्हणून, पण जेमाचा चेहरा बघून तिला जन्मात पहिल्यांदा शहाणपण सुचलं. चिरलेला सेज तिने भांड्यात टाकला आणि कोटाची बटणं लावत निघून गेली.

जेमा खुर्चीत बसली. "मातीचे पैसे मोडणार होतीस. माझ्याकडे एक सही मागायच्या ऐवजी."

"तुला लागलं असतं ग."

"आणि हे लागलं नाही?"

 लिनेट मिश्रणाच्या चपट्या टिक्क्या थापायला लागली. जेमाने पेन काढलं, फॉर्म पुढे ओढला. वर्षवार लिहायचं होतं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. पहिलं वर्ष लिहून ती थांबली.

"या पहिल्या वर्षी काय केलं मार्नीने?"

"फॉर्मला कुठे हवंय ते?"

"मला हवंय. तू कधी सांगितलंच नाहीस. फोन केला की आपलं एकच, मजेत आहे, काळजी करू नकोस."

खरंच होतं ते. पोरीचं कौतुक ओठांवर यायचं आणि लिनेट ते गिळून टाकायची, लेकीचा जीव तिकडे पाण्यावर तुटायला नको म्हणून. पण आता तोंड उघडलं, आणि मग काही आवरेना. कांजिण्या आल्या तेव्हा पोरीने टेडीलाही गुलाबी औषधाचे ठिपके लावले होते. एकदा धक्क्यावर समुद्रपक्ष्याने तिच्या हातातली चिप पळवली, तर त्याला अशी शिवी हासडली की चर्चची बाई थबकली. ती शिवी व्हॅलची. पहिला दुधाचा दात ब्रेडकेकमध्ये, आमच्या गोल पावात, पडला आणि तो तिने पावाबरोबर गिळला. जेमा हसत होती, नाक पुसत होती, मधेच एखादी तारीख लिहीत होती. मग लिनेटने हात पुसले.

"एक सांगायचंय तुला. रागावू नकोस."

"बोल."

"तिची पहिली पावलं... तू सुट्टीवर घरी आलीस, आणि ती तुझ्याकडे चालत आली, आठवतं? ती पहिली नव्हती ग. आधीच चालायला लागली होती ती. तू येईपर्यंत मी तिला खाली सोडायचंच बंद केलं. सारखी कडेवर. कंबर पार मोडली माझी. तू फोनवर विचारायचीस आणि मी म्हणायचे, नाही बाई, अजून नाही."

जेमाने पेन खाली ठेवलं.

"माहीत आहे मला."

"काय?"

"आई, पहिली पावलं टाकणारं पोर दोन पावलांत धपकन बसतं. ही दारातून निघाली, टेबलाला वळसा घातला, मांजराची शेपटी ओढली, आणि मग माझ्याकडे आली."

 "अगं मग त्याच दिवशी बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार?" जेमाच्या डोळ्यांतून घळाघळा वाहत होतं, तरी ती हसत होती. "माझ्यापेक्षा जोरात टाळ्या तू वाजवत होतीस."