श्वास रोखा

मित्रांनो, मी एक जुना, रागीट चुंबक आहे. एमआरआय म्हणतात मला. माणसाला माझ्या पोटात सरकवतात, मी ठाणठाण आवाज करतो आणि त्याच्या शरीराच्या आतले फोटो काढतो. म्हातारपणी राग निवळतो म्हणे. माझा नाही निवळला, आणि का, ते आज सांगूनच टाकतो.

मी आलो तेव्हा भिंत पाडून मला आत घेतलं होतं. सगळं रुग्णालय बघायला लोटलं होतं. तेव्हा मला माझ्या एका कामाचा फार तोरा होता. हृदयाकडून फुप्फुसांकडे एक मोठी रक्तवाहिनी जाते, फुप्फुसधमनी. धडधाकट माणसाची ही धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि परत बसते. ती ताठर झाली की फुगत नाही, आणि मग तिच्यातला रक्ताचा दाब वाढला असल्याचा दाट संशय येतो. त्या दाबापुढे हृदय दमतं आणि माणूस चार पायऱ्यांत धापा टाकतो. हे फुगणं-बसणं मी सुईसुद्धा न टोचता दाखवतो.

फोटो हलू नये म्हणून तेवढा श्वास रोखावा लागतो. माझ्यात एक गोड आवाज भरून ठेवलाय. तो म्हणतो, "श्वास सोडा. आता श्वास रोखा." आणि अठरा सेकंद गप्प बसतो.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आली. गळ्यात मोजायची टेप तशीच, बाहीला टाचण्या. माझ्यापुढे धातू चालत नाही, म्हणून ते सगळं काढून ठेवायला लावलं. सोबत तिची नणंद होती. काम दिसलं की हिला धाप लागते, असं ती बाहेर बसलेल्या प्रत्येकाला सांगत होती.

बाईने मनापासून प्रयत्न केला. सहाव्या सेकंदाला तिचा श्वास सुटला. पुन्हा केला, पाचव्याला सुटला. मुख्य तंत्रज्ञाच्या हातात पुढच्या रुग्णांची यादी होती. तो वैतागला, हललेले फोटो त्याने तसेच पाठवले आणि कागदावर लिहिलं, 'रुग्णाने सहकार्य केले नाही.'

माझ्या अंगातल्या तारांभोवती बर्फालाही हुडहुडी भरेल अशी थंडी असते, तरी अंगाची लाहीलाही झाली. अरे, जिला श्वास पुरत नाही म्हणून ती आलीय, तिलाच श्वास रोखायला सांगता, आणि वर तिच्याच नावाने बोटं मोडता?

नणंदेने ते वाक्य दारातच मोठ्याने वाचलं. घरी निकाल लागला: सगळी नाटकं. पुढच्या वर्षी बाई पुन्हा आली. तेच वाक्य. सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा आली, तेव्हा तर ती माझ्यात झोपायच्या आधीच मुख्य तंत्रज्ञाने ते लिहून ठेवलं होतं. मी बघत होतो. मला हात असते ना, तर तो कागद टराटरा फाडला असता.

मग एक नवी तंत्रज्ञ बदलून आली. चौथ्या खेपेला तिने बाईला आधी विचारलं, "किती वेळ जमेल?"

"पाच सेकंद. फार तर."

"मग रोखूच नका. सावकाश श्वास घेत पडा. वेळ लागेल, लागू दे."

अशी सोय माझ्यात पहिल्या दिवसापासून होती. श्वास चालू ठेवून शेकडो ठोक्यांचा मिळून एक फोटो काढायचा. फक्त वेळ जास्त लागतो, म्हणून कुणी ते बटण दाबलंच नव्हतं. तिने दाबलं. माझा गोड आवाज बंद केला. आणि धमनी पडद्यावर स्वच्छ दिसली. ठोके पडत होते, ती जागची हलत नव्हती. उन्हात वाळून कडक झालेली बागेची नळी जशी.

डॉक्टर धावत आले. दाब नेमका किती, ते हृदयापर्यंत बारीक नळी घालून मोजावं लागेल, म्हणाले. पण आजार चांगलाच मुरलाय. "दोन वर्षांपूर्वी औषधं सुरू झाली असती, तर जास्त लागू पडली असती. इतके दिवस होतात कुठे?"

बाई बाहेर येऊन टाचण्या परत बाहीला लावत होती.

"आले होते की," ती म्हणाली. "तीनदा."

दारात उभ्या असलेल्या नणंदेने मान खाली घातली. तिने वहिनीची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

मित्रांनो, आता मला भंगारात काढणार आहेत. काढोत. मला पुसा, झाका, जपा, असं मी म्हणत नाही. माझा राग त्या तंत्रज्ञावर आहे, पण त्याहून जास्त माझ्यावरच आहे, कारण 'श्वास रोखा' म्हणणारा तो आवाज माझाच होता. तुमच्यापुढे कधी कुणी धापा टाकत आलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी एवढंच विचारा, "किती वेळ जमेल?" एवढं विचारायला अठरा सेकंदसुद्धा लागत नाहीत.