बुडाची खाच

मित्रांनो, मी एक जुनी सोड्याची बाटली आहे. गळ्यात काचेची गोळी, अंगावर हिरवट झाक आणि बुडाला एक खाच. खाचेचं आधीच सांगून टाकते, कारण तिच्यापायीच माझ्यावर बाका प्रसंग ओढवला होता.

जन्म माझा भट्टीतला, पण मला वाढवलं ते एका छोट्या गावातल्या सोडावाल्यांनी. त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत सोडा भरायचं यंत्र, दुसरीत पाण्याची टाकी. बाटल्या विसळायचं काम त्यांच्या लेकीचं. एकदा सोडावाल्यांनी कानस घेऊन माझ्या बुडाच्या जाड कडेला खाच पाडली.

"बाबा, चांगल्या बाटलीला कशाला खोड लावताय?" लेकीने विचारलं.

"रोज पहिला सोडा हिच्यात भरायचा आणि मी प्यायचा. गॅस जास्त झाला तर माझ्या हातात फुटू दे. गिऱ्हाइकाच्या हातात नको."

तेव्हापासून रोज सकाळी ती टाकीच्या गढूळ पाण्यात हात घालून अंगठ्याने मला हुडकायची. सोडावाले माझी गोळी दाबायचे, घटाघटा प्यायचे, एक दणदणीत ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, "चला, दुकान उघडा!" मी काय तोऱ्यात असायचे म्हणून सांगू!

पुढे बुचाच्या बाटल्या आल्या आणि आमची सद्दी संपली. सोडावाले गेले, लेक सासरी गेली, आम्ही भंगारात गेलो. माझ्या बहिणी वितळल्या. मी एका पोत्याच्या तळाशी राहिले म्हणून वाचले.

तिथून मला एका घड्याळजींनी उचललं. त्यांना जुन्या बाटल्यांचा भारी नाद. त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, आता बाटल्यांना पलंगावर निजवा आणि आपण दोघं कपाटात उभे राहू!"

प्रत्येक बाटलीला ते गावाच्या नावाची चिठ्ठी बांधत. माझ्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं, "गाव माहीत नाही". फार वाईट वाटलं मला. त्यात जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांना दोष म्हणून बघवत नसे. "ही खाच घासून टाकतो, म्हणजे कशी नव्यासारखी दिसेल," म्हणत त्यांनी मला टेबलावर घासायच्या दगडाजवळ ठेवलं. भीतीने तुमच्या पोटात गोळा येतो, माझी गोळी गळ्यातच अडकली.

तेवढ्यात दार वाजलं. एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या.

"तुमच्याकडे जुन्या बाटल्या आहेत म्हणे. माझ्या बाबांची एक बाटली शोधतेय. डोळ्यांना आता नीट दिसत नाही. एक बादली पाणी द्याल?"

"पाण्यात? माझ्या चिठ्ठ्या भिजतील!" घड्याळजी कळवळले. पण बायकोने चिठ्ठ्या सोडून बादली भरलीसुद्धा. बाईंनी एकेक बाटली पाण्यात फिरवली, बुडावर अंगठा टेकवला आणि बाजूला ठेवली. शेवटची झाली. त्यांनी पदराला हात पुसले.

"नाही हो. यात नाही."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण बाटलीला कुठला आवाज!

"अहो, ती टेबलावरची?" बायको म्हणाली.

"ती खोडाची आहे गं," असं पुटपुटत घड्याळजींनी मला बादलीत सोडलं. ओळखीचा अंगठा माझ्या खाचेत बसला, तसूभरही इकडेतिकडे नाही. बाई तिथेच खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. सोडावाल्यांची हकिगत ऐकून घड्याळजींनी दगड खणात टाकला. माझ्या चिठ्ठीवर गावाचं नाव लिहिलं आणि मला बाईंच्या ओटीत ठेवलं. घड्याळजींच्या कपाटात आता ती एक जागा मोकळी आहे.

बाई माझ्यात साधं पाणी भरतात. पहिला घोट स्वतः घेतात, मग नातीला देतात.

"आजी, पाण्याने बाटली फुटते का गं?" नात हसते.

"नाही गं. पण पहिला घोट मोठ्यांनी घ्यायचा."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पुसा, जपा. फक्त एखादी खाच दिसली तर हातात दगड घेण्याआधी विचारा, ती कुणी पाडली आणि कुणासाठी.