दुसऱ्यांदा दिलेलं ‘आवर’

प्रोग्रॅम थांबवायच्या दोन आज्ञा होत्या आणि प्रोग्रॅम लिहिताना त्यांची नावं तिनंच ठेवली होती: ‘आवर’ आणि ‘मर’. ‘आवर’ म्हटलं की तो नवे आकडे घेणं बंद करी, पोटातले सगळे डिस्कवर उतरवी आणि मग थांबे. ‘मर’ म्हटलं की जागच्या जागी संपे, पोटातल्यांसकट.

हॉस्पिटलच्या लॅबमधली यंत्रं तपासण्यांचे आकडे या प्रोग्रॅमकडे पाठवून मोकळी होत, स्वतःकडे काही ठेवत नसत. आज सकाळपासून तो आकडे नुसते गिळत होता. वॉर्डांना एकही रिपोर्ट जात नव्हता. बंद करून पुन्हा चालू करणं भागच होतं. तिनं ‘आवर’ दिलं. पडद्यावर उमटलं: आवरतोय, शिल्लक ४१२.

“किती वेळ गं?” खुर्चीमागे उभ्या लॅबवाल्या मावशींनी विचारलं.

“माझ्या लेकीपेक्षा लवकर आवरतो.”

मावशी हसल्या नाहीत. “वर बारा दिवसांचं बाळ आहे. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा पाठीतलं पाणी मिळालं, ते सगळं तपासणीत संपलं. त्याचा आकडा यातच ना?”

“यातच. उशिरा आलाय, म्हणजे शेवटी उतरेल.”

शिल्लक २०६. शिल्लक ९०. मग रेंगाळायला लागला. ३१. ३१. ३०.

“ढकल की जरा.”

“ढकलता नाही येत, मावशी. नुसतं बघत बसायचं.”

१७ वर फोन वाजला. वरच्या मजल्यावरचा सहकारी. ऑफिसात त्याला सगळे वादळ म्हणत.

“ताई, वॉर्डवाले डोकं खातायत. तुमचा आवरेचना, म्हणून मीही इथून एक ‘आवर’ दिलं.”

अडकलेला प्रोग्रॅम थांबत नाही, ‘मर’ ही आज्ञा लक्षात राहत नाही, अशी कटकट तीन वर्षांपूर्वी यानंच केली होती. तेव्हा तिनं एक ओळ घातली होती: आवरताना पुन्हा ‘आवर’ आलं, तर ‘मर’ समज.

पडद्यावर उमटलं: थांबला.

“झालं ना, ताई?”

“झालं,” ती म्हणाली.

प्रोग्रॅम विनातक्रार चालू झाला. रिपोर्ट धडाधड वॉर्डांत जाऊ लागले. तिनं बाळाचा नंबर टाकला. नोंद नाही.

“पुन्हा बघ,” मावशी म्हणाल्या.

एकेक अंक चिठ्ठीवरून वाचत तिनं पुन्हा टाकला. नोंद नाही.

मावशींनी फोन उचलला. “सिस्टर, बाळाची आई तिथेच आहे का? नको, तिला नका देऊ. डॉक्टरांना द्या.”