रोजचा कडू घास

श्रेयाचा गेम चहा गार व्हायच्या आत संपायचा, आणि लोकांची मुख्य तक्रार तीच होती. इंटरनेटवर ज्यांनी ज्यांनी तो विकत घेतला, त्यांनी चित्रांचं कौतुक केलं, आवाजांचं केलं, आणि फिरून फिरून तिथंच आले: एवढ्याशा गेमला पैसे कशाला मोजायचे? एकदा खेळला की संपला, परत उघडावा असं त्यात आहे काय? एका बहाद्दरानं तर लिहिलं होतं, गेम सुंदर आहे, रडू आलं, पैसे परत द्या.

गेमचं नाव 'पाणी येईपर्यंत'. उजनीच्या धरणात बुडालेलं जुनं पळसदेव श्रेयानं त्यात पुन्हा उभं केलं होतं. खेळायचं म्हणजे काय, तर चालायचं. वेशीतून आत शिरायचं, आडावर थांबायचं, देवळाच्या पायरीवर टेकायचं आणि बोळातून घरी जायचं. घराच्या दारात एक बाई उभी असते. ती म्हणते, "आलात व्हय? हातपाय धुवा, भाकरी टाकते." आपण उंबऱ्यावर बसतो आणि पाणी येतं. आधी पायरीला लागतं, मग उंबऱ्याला, मग बाईच्या पदराला. शेवटी देवळाचं शिखर तेवढं वर राहतं. संपलं. मारामारी नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही.

"म्हणूनच खपत नाही," दीपक म्हणायचा. तो आणि श्रेया बारामतीत एकाच कंपनीत वेबसाइट करायच्या कामाला होते, आणि गेमची विक्री दीपकनं अंगावर घेतली होती. पोरगा मनानं चांगला, पण त्याला प्रत्येक गोष्ट मोजून बघायची खोड. "दोन तासांचा कर की. मासे पकडायचे ठेव, शिखरावर चढायचं ठेव. माणसाला परत यावंसं वाटलं पाहिजे."

"बुडालेल्या गावात परत कसं येणार?" श्रेया म्हणायची. दीपक कपाळाला हात लावायचा.

पण परत येणारा एक जण होता, आणि तो धरणाच्या काठावरच्या नव्या पळसदेवात, तिच्या घरीच होता. श्रेयाचे आजोबा, रामहरी आबा. त्यांना विसरायचा आजार जडला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. ते लक्षात ठेवायचं काम अर्थातच बाकीच्यांवर आलं. आबांना नातीचं नाव आठवायचं नाही, जेवलो की नाही ते आठवायचं नाही, बायको दगडाबाई करोनाच्या साथीत गेली हे तर अजिबातच नाही. त्यांच्याकडं लक्ष द्यायला म्हणून श्रेया घरूनच काम करायला लागली होती.

एका सकाळी तिनं सहज त्यांच्यापुढं लॅपटॉप ठेवला. वर जायच्या बाणावर त्यांचं बोट टेकवलं. आबा पडद्यातल्या वेशीतून आत शिरले आणि त्यांचा चेहरा बघता बघता पालटला. "ह्यो भीमाचा गोठा," ते म्हणाले. "ह्यो आड. हितं माझा पाय मोडला हुता." नातीला विसरलेला माणूस बोळ विसरला नव्हता. दारातली बाई बोलली तसे ते लाजले. खरंच लाजले. ऐंशीला टेकलेला माणूस, पण टोपी नीट केली त्यांनी.

तो आवाज शेजारच्या मेहबूबबीचा होता. मेहबूबबी आणि दगडाबाई जुन्या गावापासूनच्या मैत्रिणी, आणि दगडाबाईची नक्कल मेहबूबबीइतकी तर दगडाबाईलाही जमली नसती. श्रेयानं माइक पुढं धरला तेव्हा म्हातारी आधी हसून हसून लोळली आणि मग एका दमात बोलून मोकळी झाली.

आबा रोज खेळायला लागले. रोज पहिल्यांदाच. आदल्या दिवशीचं काही शिल्लक नसायचं, त्यामुळं रोज गाव नवं, रोज लाजणं नवं. इंटरनेटवरच्या शहाण्यांना हे कोण सांगणार? श्रेयाला त्या दिवसांत फार आनंद झाला होता आणि तो तिनं लपवलाही नाही.

अडचण एकच होती. पाणीही रोज नवं यायचं.

पदराला पाणी लागलं की आबा ओरडायचे, "दगडे, भाईर ये!" मग बाण दाबत राहायचे, पण गेममधल्या माणसाला तेव्हा उठता येत नसे; श्रेयानं तसंच केलं होतं. शिखर तेवढं उरलं की ते ढसाढसा रडायचे. दुपारपर्यंत रडण्याचं कारण विसरायचे, दुःख मात्र तिथंच बसून असायचं. ताट तसंच परत जायचं.

"रोज उठून घरात मयत कशाला गं?" आई एकदा म्हणाली. "बंद कर ते, न्हायतर पाणी तरी काढ त्यातलं."

श्रेयाला ते पटलं. आपणच केलेल्या गोष्टीनं आपला आबा रोज उपाशी राहतो, हे तिला आता बघवत नव्हतं. पाणी आणणाऱ्या तीन ओळी होत्या, त्या तिनं काढून टाकल्या.

आता आबा उंबऱ्यावर बसायचे आणि काहीच व्हायचं नाही. गावात संध्याकाळ व्हायची आणि तशीच राहायची. दगडाबाई दारात उभी. जरा वेळानं म्हणायची, "आलात व्हय? हातपाय धुवा, भाकरी टाकते." आबा खुशीत बसून राहायचे, दुपारी पोटभर जेवायचे. दीपकला हे कळलं तेव्हा तो फोनवरच नाचला. "म्हणजे गेम आता संपतच नाही! अगं, हेच विकू!"

घरात सगळ्यांना बरं वाटलं. फक्त आबा मधूनच पडद्यावरून मान वर करून विचारायचे, "आज हितंच मुक्काम हाय का? घरला कवा जायचं?" श्रेया हसून म्हणायची, "जाऊ की." तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिथंच तिची चूक झाली, आणि ती पुढं स्वतःला त्याबद्दल माफ करू शकली नाही.

दिवाळीनंतरचे दिवस होते, धरण काठोकाठ भरलेलं. वडील युवराज उसाला पाणी द्यायला रानात, आई भांड्यांत, श्रेया फोनवरून कंपनीच्या मीटिंगमध्ये. वर बघते तर खाट रिकामी. लॅपटॉप उघडाच होता आणि दगडाबाई रिकाम्या खाटेला भाकरीचं सांगत होती.

मायलेकींनी गल्ली पालथी घातली, हायवेपर्यंत जाऊन आल्या. तेवढ्यात मेहबूबबीच्या मुलाचा, खाजाचा फोन आला. तो पाण्यावर जाळी टाकायला गेला होता. "श्रेया, काठाला ये. आबा हितं हायत. मी धरलंय, पर त्ये ऐकंनात."

ती पळत गेली. आबांच्या वहाणा काठावर नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. धोतर फुगून वर आलेलं, पाणी कमरेला, आणि खाजा होडीतून उतरून त्यांच्या दंडाला धरून उभा. आबा संतापले होते.

"हितं पाणी कुणी सोडलं?" ते खाजाला विचारत होते. "रस्ता हुता हितं. बोलाव पाटकऱ्याला!"

श्रेया पाण्यात शिरली. "आबा, घरी चला."

"घरीच निघालोय न्हवं? पल्याड दगडा थांबलीय. भाकरी टाकून बसली आसंल. रस्ता कुठं गेला त्येवढं सांग पोरी."

आजवर हे तिला कधी तोंडानं सांगावं लागलं नव्हतं. ते काम गेममधलं पाणी करत होतं, आणि तिनंच ते काढून टाकलं होतं. आता थंड पाण्यात उभं राहून ती म्हणाली, "आबा, गाव बुडालं. लई वर्सं झाली. आन आजी गेली."

"आन मला कुणी सांगितलं न्हाय?" ते म्हणाले. मग खाजाकडं वळून, एखाद्या पोराची तक्रार करावी तसं म्हणाले, "बघ. मला कुणी सांगितलंच न्हाय."

त्यांना होडीत बसवून काठाला आणलं. सर्दी, ताप, इंदापूरला दोन इंजेक्शनं, एवढ्यावर निभावलं. पण त्या रात्री मेहबूबबी येऊन ओसरीवर बसली आणि छाती बडवायला लागली. "माझ्या आवाजानं गेला गं त्यो पाण्यात. मी बोलावलं त्येला."

वडिलांनी लॅपटॉप कपाटात घातला आणि आबांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली. वाटलं होतं, गेम नाही म्हटल्यावर आबा ते विसरतील. सगळं विसरले, तेवढं विसरले नाहीत. दिवसभर आतून दार वाजवत राहिले. "सोडा रं. दगडा वाट बघतीय." श्रेया आत जाऊन सांगायची, आबा, आजी गेली. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. पाण्यात उभं असताना पटलेली गोष्ट कोरड्या घरात पटेना. "जीभ झडंल तुझी," आबा म्हणायचे. "जित्या बाईला मारतीयास?" आणि पुन्हा दार वाजायचं. ताट परत जायचं ते जायचंच, वर आता शिव्या.

कडीच्या बाहेर बसून श्रेयाला कळलं की आपण आजोबांवर दया करायला गेलो आणि त्यांच्या बायकोला दारात कायमचं ताटकळत ठेवलं. आबा रोज रडायचे ते बरं होतं. रडून झाल्यावर त्यांना कुठं जायचं तरी नसायचं.

तिनं कपाटातून लॅपटॉप काढला आणि त्या तीन ओळी परत घातल्या. वडील म्हणाले, "आन जेवणाचं काय करायचं?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं. सकाळी आबा वेशीतून गेले, लाजले, उंबऱ्यावर बसले. पाणी आलं. ते ओरडले, बाण दाबत राहिले, आणि शिखर उरलं तसे गुडघ्यात मान घालून रडायला लागले. आईनं ताट आणलं, त्यांनी सरकवून दिलं. तेवढ्यात मेहबूबबी दारात आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि वाटीत पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी असंच आणतात. ती डोक्यावरून पदर घेऊन आबांच्या पुढ्यात खाली बसली.

"भावजी," ती म्हणाली, "कडू घास घ्या."

आबांनी मान वर केली.

"आमचं मालक गेलं तवा दगडानं मला भरवला हुता. मी बी न्हाय म्हनत हुते. आज माझ्या हातचा घ्या. माणूस गेलं, आता मागं राहिल्यानं खायाचं आस्तं."

आबांनी तोंड उघडलं. त्या माणसाला नातीचं नाव येत नव्हतं, पण कडू घासाला नाही म्हणायचं नसतं हे त्याच्या हाडात होतं. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग स्वतःच्या हातानं जेवायला लागले. आई आत जाऊन रडली.

मग हीच रोजची रीत झाली. सकाळी गाव, मग पाणी, मग शेजारची भाकरी. मेहबूबबीचे पाय दुखत असले तर खाजाची बायको शबीना घेऊन यायची. जेवून झालं की आबा निवायचे आणि दार वाजवायचं त्यांच्या मनात येत नसे. त्या गेमवर लोक अजून लिहीत होते, छोटा आहे, महाग आहे, एकदाच खेळण्यासारखा आहे. श्रेयानं ते वाचणं सोडलं. दीपकनं पाणी नसलेला गेम मागितला तेव्हा तिनं तो पुसून टाकला असल्याचं सांगितलं, आणि दीपक पहिल्यांदाच काही मोजायला गेला नाही.

थंडी सरत आली तेव्हा आबा फार थकले. बाण दाबायला बोटात जोर उरला नाही म्हणून श्रेया त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवायची. भीमाचा गोठा आला तरी ते आता काही बोलत नसत. आड नुसताच मागं पडायचा. बोळाच्या तोंडाशी आल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "ह्ये कुनाचं गाव?" श्रेयाचं बोट तिथंच थांबलं. मग तिनं ते पुढं नेलं. दारातल्या बाईला बघून टोपीकडं हात गेला नाही. पाणी आलं, तेव्हा मात्र रडले. कुणासाठी ते आता सांगता आलं नसतं.

शबीनानं भाकरी ठेवली, घास भरवला आणि ती गेली. आबा शांतपणे जेवत होते. श्रेया लॅपटॉप बंद करायला वाकली आणि तिला आवरेना. ती तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली.

आबांचा हात ताटात थांबला. कुणी परकी पोर दारात येऊन रडावी आणि आपण जेवत बसावं, हे त्यांना बरं वाटलं नसावं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझं कोण गेलं?"

श्रेयाला खोटं बोलता येईना.

"माझे आबा," ती म्हणाली.

"लई जीव हुता का त्येंचा तुझ्यावर?"

"व्हय."

आबांनी मान हलवली. भाकरीचा तुकडा मोडला, तो पिठल्यात बुडवला, आणि हात तिच्या तोंडापाशी नेला.

"घे," ते म्हणाले. "कडू घास हाय. न्हाय म्हनू न्हाय."

श्रेयानं तोंड उघडलं.